भाताच्या शितांनी चिकटवलेलं पत्र

"मॅडम, मी तिचं पत्र फोडलं." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईने खुर्चीत नीट बसायच्या आतच सांगून टाकलं आणि पर्समधून एक निळं अंतर्देशीय काढून टेबलावर ठेवलं. कडा भाजीच्या सुरीने कापलेल्या, आणि त्यावर पुन्हा भाताची शितं लावून चिकटवलेलं. एका कोपऱ्यात शीत वाळून पिवळं पडलं होतं. मुलीने ते हातात घेतलं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि न उघडताच आईच्या पुढ्यात टाकलं. त्याला चार दिवस झाले होते. बोलणं बंद.

(घरची माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नायगावच्या बीडीडी चाळीतलं कुटुंब, मुलगी नववीत. आदल्या वर्षी ९ ऑक्टोबरच्या जागतिक टपाल दिनानिमित्त मराठीच्या बाईंनी वर्गाची सिंधुदुर्गातल्या एका शाळेशी पत्रमैत्री जुळवून दिली होती. बाकीच्यांनी एकेक पत्र लिहून सुटका करून घेतली. या दोघींची मात्र पत्रं चालूच राहिली.

आईची झोप उडवली होती ती एका ओळीने. मैत्रिणीने लिहिलं होतं, "तू म्हणतेस तसं मलाही कधी कधी घरातून निघून जावंसं वाटतं."

"आम्हाला 'जेवलीस का' विचारलं तरी 'हो' एवढंच. आणि जिला कधी पाहिलं नाही तिला सगळं! मुलगीच आहे कशावरून?" हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो, पण इन्स्टाग्रामबद्दल. अंतर्देशीय पत्राबद्दल कित्येक वर्षांनी आला.

मुलगी दोन दिवसांनी आली आणि मी पहिल्याच भेटीत माती खाल्ली. सहज म्हणून विचारलं, "एखादं पत्र मला दाखवशील?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पण?" पुढचा अर्धा तास ती पंख्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर ही चूक, त्यामुळे तो अर्धा तास मी मुकाट्याने सोसला.

दुसऱ्या भेटीत आधी नियम सांगितला. तू बोलशील ते या खोलीबाहेर जाणार नाही. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आईला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून. मग सरळ विचारलं, "निघून जावंसं म्हणजे कुठे? जगूच नये, असं कधी वाटतं का?" असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते भरतं, अशी पालकांची समजूत असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं.

ती आधी दचकली, मग हसली. "नाही हो! दहावीनंतर हॉस्टेलला."

मग हळूहळू सगळं आलं. १६० चौरस फुटांची खोली, पाच माणसं, आजोबांचा टीव्ही. पत्र लिहायची जागा म्हणजे व्हरांड्याचं टोक, तेही सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर. "फोनवर का नाही बोलत?" तर म्हणाली, "व्हॉट्सअ‍ॅपवर निळी टिक गेली की लगेच उत्तर द्यावं लागतं. पत्र मी रागात लिहिते. सकाळी पेटीपाशी जाईपर्यंत अर्धा राग गेलेला असतो. मग ते फाडते आणि दुसरं लिहिते." अडीच रुपयांचं अंतर्देशीय जे काम करतं, ते मला तासाभरात जमत नाही.

शिवाय वर्गातल्या मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळते. सिंधुदुर्गातली मुलगी इथे कुणालाच ओळखत नाही. या वयात आईवडिलांना सर्वांत शेवटी कळतं, यात त्यांचा अपमान नसतो. आपण कोण, हे मूल आधी परक्या माणसापुढे बोलून बघतं.

आईची काळजी मात्र मी उडवून लावली नाही. समोर खरंच कोण आहे, हे पालकांनी विचारलंच पाहिजे. मी त्यांना मराठीच्या बाईंना फोन करायला सांगितला. ती मुलगी त्या शाळेत आहे, हे पाच मिनिटांत कळलं. सुरी लागली नाही. आमच्या वेळी मासिकं पत्रमैत्रीच्या सदरात नाव, वय, छंद आणि घरचा पूर्ण पत्ता छापायची. आज मी कुठल्याही मुलाला तसं करू देणार नाही. ओळख नवी असेल तर पत्ता शाळेचा द्यावा. पैसे, फोटो, एकटं भेटणं यांचा विषय निघाला, किंवा "हे घरी सांगू नकोस" असं लिहून आलं, तर मुलाने बेधडक घरी यावं, एवढं घर त्याला मोकळं हवं. घरी सांगवत नसेल तर १०९८ हा नंबर मुलांसाठीच आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

तिसऱ्या भेटीत दोघींना एकत्र बसवलं. आई टेबलाकडे बघत म्हणाली, "चुकलं माझं. पण तू पण बोलत नाहीस ना..." तो 'पण' गाळायचा, हे मी बजावलं होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग तीच म्हणाली, "सुरीने घडीवरच्या दोन ओळी गेल्या. तिला परत लिहायला सांगितल्यात." आईने हळूच विचारलं, "काय होतं त्यात?" "तेच तर मला माहीत नाही!" आणि दोघीही हसल्या. इतक्या दिवसांचं मौन एवढ्यावर संपलं असं नाही, पण त्या घरी एकाच बसने गेल्या.

महिन्याभराने आईचा फोन आला. नवीन अंतर्देशीय आलं होतं. फ्रिजवर, दुधाच्या कार्डाखाली, जसंच्या तसं ठेवलं. मुलीने शाळेतून आल्यावर पट्टीने हलकेच उघडलं.

"हात नाही लावला मॅडम," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "उजेडात धरून बघितलं तेवढं. काही दिसत नाही हो. कागद निळा, वर शाई पण निळीच."