आठ जीबी बसवली, सव्वातीनच दिसते!

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या छापखान्यात कोअर टू ड्युओचा जुना पीसी आहे, विंडोज ७ वर चालतो. लॅमिंग्टन रोडवरून डीडीआर३ च्या चार-चार जीबीच्या दोन रॅम आणून बसवल्या. आता ‘८ जीबी (३.२५ जीबी युजेबल)’ असं दिसतं. रॅम खराब निघाली का? आणि दोन बसवल्याने वेग दुप्पट होईल, असं दुकानदार म्हणाला, ते खरं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : रॅम ठीक दिसते. ८ चा आकडा आला, म्हणजे दोन्ही रॅम पीसीने ओळखल्या आहेत. तुमची विंडोज ३२ बिटची आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटच्या जागेला एक पत्ता (क्रमांक) लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते बसतात, म्हणजे ४ जीबी. त्यातले काही ग्राफिक्स, नेटवर्क वगैरेंना द्यावे लागतात. उरतात ते रॅमला. (इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्येच ३६ बिटी पत्त्यांची सोय केली होती, पण घरगुती ३२ बिट विंडोजला मायक्रोसॉफ्टने ४ जीबीचंच कुंपण ठेवलं.)

कोअर टू ड्युओ मुळात ६४ बिटचा, त्यामुळे प्रोसेसर बदलू नका. ६४ बिट विंडोज टाका. ती जुनीवर अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावी लागते. म्हणून आधी फाइली आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रिंटर-स्कॅनरचे ६४ बिट ड्रायव्हर (ती यंत्रं विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) मिळतात का, हे त्याहूनही आधी बघा. छापखान्यांचं घोडं इथेच अडतं. ३२ बिट सॉफ्टवेअर चालतील, १६ बिटची जुनी चालणार नाहीत. तरीही सव्वातीनच दिसली, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘मेमरी रीमॅप’ चालू करा.

वेग दुप्पट? नाही. या पिढीत मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) प्रोसेसरमध्ये नसून बोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये, म्हणजे चिपसेटमध्ये असतो. इंटेलने तो आत आणला २००८ च्या कोअर आय७ पासून. प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यामधली १०६६ वेगाची बस (माहितीची वाट) सेकंदाला सुमारे साडेआठ जीबी वाहून नेते, आणि १०६६ वेगाची एकच डीडीआर३ रॅम तेवढं देते. दुसरीने जागा वाढते, वाट रुंदावत नाही. मोठ्या फाइली उघडल्यावर हार्ड डिस्क सारखी घरघरत असेल, तर मात्र जादा रॅमचा फरक लगेच जाणवेल.

आणि विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. हा पीसी इंटरनेटला जोडू नका.