नवा लॅपटॉप जाहीर झाला की हातातला भंगार वाटायला लागतो. जुना दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप 2017 चा आहे, इंटेलचा सातव्या जनरेशनचा (पिढीचा) आय-फाइव्ह प्रोसेसर, 4 जीबी रॅम (चालू कामापुरती मेमरी), 1 टीबी हार्ड डिस्क. चालू व्हायला चार मिनिटं लागतात, बॅटरी तासाभरात मान टाकते. आणि गेल्या आठवड्यात नव्या मॉडेलच्या घोषणेचा व्हिडिओ पाहिल्यापासून त्याच्याकडे बघवत नाही.

व्हिडिओ बघायच्या आदल्या दिवशी तो जेवढा हळू होता तेवढाच आजही आहे. म्हणून व्हिडिओ बाजूला ठेवून आधी लॅपटॉपचं बघू.

मी धंद्याने दुरुस्तीवाला नाही. हिशेबाच्या ऑफिसात बसतो आणि नातेवाइकांचे लॅपटॉप रविवारी उघडतो, मजुरी चहा-पोहे. तुमच्यासारखाच एक माझ्या मावशीचा होता. ती शाळेतून निवृत्त झालेली, यूट्यूबवर भजनं ऐकते, व्हॉट्सअ‍ॅप वेब लावते, बचत गटाचा हिशेब ठेवते. लॅपटॉप इतका तापायचा की ती खाली पाट ठेवायची. ज्या सर्व्हिस सेंटरला नेला तिथे मदरबोर्ड गेलाय, 14 हजार होतील, त्यापेक्षा नवा घ्या असं सांगितलं. बोर्ड गेलेला लॅपटॉप चार मिनिटांनी का होईना चालू कसा होतो, हे मावशीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खालचं झाकण काढलं. पंखा फिरत होता, पण बाहेर हवा येत नव्हती. पंखा आणि त्याच्यापुढची तांब्याची बारीक जाळी यांच्यामध्ये धूळ साचून पट्टी झाली होती, जुन्या गोधडीतला कापूस दाबून बसतो तशी. चिमट्याने एक टोक धरलं तर अख्खी पट्टी एका तुकड्यात निघाली. उदबत्तीचा वास येत होता तिला, खोटं नाही सांगत. प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी, त्याच्यावर लावलेली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो. आपल्याला वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला, प्रत्यक्षात त्याला श्वास मिळत नसतो. पेस्ट पुसून नवी लावली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. धूळ ब्लोअरने उडवणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा. तो भरमसाठ वेगाने फिरला की बेअरिंगची वाट लागते.

मग हार्ड डिस्क. तुमच्या दुखण्याचं मूळ नव्वद टक्के इथेच आहे असं मी न बघता म्हणतो. लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला 5400 फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारी एक सुई. विंडोज चालू होताना हजारो बारीकसारीक फायली मागतं, आणि प्रत्येक फाइलीसाठी सुई जागेवर जाईपर्यंत बाकी सगळे ताटकळत बसतात. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काहीच नसतं. मावशीच्या लॅपटॉपला साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसते ती) लावली, रॅम 4 ची 8 केली. चार मिनिटांची पंचवीस सेकंद झाली. ती म्हणाली, "अरे, एवढ्यात? बिघडला नाही ना?"

रॅमबद्दल एक. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, कारण कारखाने एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीच्या मागे आहेत. त्यामुळे नवी घेण्याआधी जुन्या बाजारात चौकशी करा. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. आणि दुकानदाराने जुन्या रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासला तर हसू नका. तिथे बसलेला थर त्याने खरंच निघतो. "मेला" म्हणून माझ्याकडे आलेले दोन लॅपटॉप नुसती रॅम काढून, पुसून परत बसवल्यावर चालू झालेत. मी स्वतः खोडरबराऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो, त्याचा भुसा पडत नाही.

बॅटरी मात्र थट्टेची गोष्ट नाही. टचपॅड वर आला असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि ती फोडायच्या, दाबायच्या भानगडीत पडू नका. सरळ माहितगार माणसाकडे न्या.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण. त्यावर बहुधा विंडोज 10 असेल, आणि त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, बस. विंडोज 11 ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा सातव्याचा. एका पायरीने हुकलात. ही रेघ कुठल्या दुरुस्तीने पुसता येत नाही. अट चुकवून विंडोज 11 टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत, पण ज्यावर नेटबँकिंग करायचं त्यावर मी ते करणार नाही. मावशीच्या लॅपटॉपवर मी विंडोज काढून त्याऐवजी लिनक्स मिंट 22 ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली, तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात आहे. मावशीला फरक कळला तो एवढाच, की मागचं चित्र बदललंय. पण तुम्ही हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर वापरत असाल, किंवा डिजिटल सहीचं डोंगल लावून सरकारी साइटवर काम करत असाल, तर हा रस्ता तुमचा नाही. मग विंडोज 11 चालणारा लॅपटॉप घ्यावाच लागेल.

आणि इथे घोषणांचा विषय येतो. मी घोषणा बघतच नाही असं नाही. चवीने बघतो. फक्त त्या दिवशी पाकिटाला हात लावत नाही. 20 मे 2024 ला मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी जाहीर केले आठवतंय? किमान 16 जीबी रॅम, सेकंदाला 40 लाख कोटी क्रिया करणारी एआयची वेगळी चिप, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं रिकॉल, म्हणजे तुम्ही स्क्रीनवर काय काय पाहिलंत ते लक्षात ठेवणारं. सुरक्षेवरून एवढा गदारोळ झाला की 18 जूनला मशिनं दुकानात यायच्या पाच दिवस आधीच रिकॉल पुढे ढकललं. ते सर्वांना मिळायला एप्रिल 2025 उजाडला. नवरदेव मांडवात, मुहूर्त पुढच्या वर्षी. शिवाय ती पहिली खेप आर्म प्रोसेसरची होती, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या, आणि आर्मसाठी प्रिंटर, डोंगल अशा गोष्टी चालवणारे ड्रायव्हर (छोटे प्रोग्रॅम) वेगळे लागतात. घेण्याआधी तेवढं तरी विचारा.

उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर मी नव्याचा शत्रू ठरेन. अ‍ॅपलने 10 नोव्हेंबर 2020 ला स्वतःच्या एम-वन चिपची मशिनं जाहीर केली तेव्हा मी म्हणालो होतो, बोलाचीच कढी. चुकलो. भाचीची एम-वनवाली मॅकबुक एअर अजून चालते, पंखाच नाही तरी मुकाट काम करते. पण रॅम चिपलाच जोडलेली. 8 जीबी घेतली ती जन्मभर 8 जीबी. ऑक्टोबर 2024 मध्ये अ‍ॅपलने त्याच किमतीत एअरची सुरुवात 16 पासून केली, तेव्हा भाची आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. जणू मीच 8 दिली होती.

म्हणून घोषणा बघताना मी स्क्रीनची चमक सोडून रॅम आणि एसएसडीची ओळ शोधतो. त्या दोन्ही बदलता येतील अशा खाचेत आहेत का बोर्डाला कायमच्या डाग दिलेल्या आहेत? हे बहुधा मंचावर कुणी सांगत नाही, दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि बऱ्याच कंपन्यांची मॅन्युअल्स नेटवर फुकट मिळतात.

नवं मॉडेल आलं की ऑफिसं जुने लॅपटॉप लॉटमध्ये काढतात. माझा थिंकपॅड टी 480 असाच, 2022 मध्ये 24 हजारांना. मॉडेल 2018 चं, आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, त्यामुळे विंडोज 11 रीतसर चालतं. रॅमच्या दोन खाचा. तळाचे सहा स्क्रू झाकणातच अडकून राहतात, सोफ्याखाली शोधावे लागत नाहीत. हिंजेसही बरे. स्वस्त लॅपटॉपचे हिंजेस प्लास्टिकमधून उपटतात, मग गल्लीतला मुलगा एम-सील भरून देतो आणि झाकण कायमचं वाकडं.

तुमच्या जागी मी असतो तर आधी एसएसडी घेतली असती. उद्या लॅपटॉप बदललाच तरी ती काढून केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते, पैसे पाण्यात जात नाहीत. रॅम आणि बॅटरीला मात्र थांबलो असतो. टॅली, डोंगल यातलं काही नसेल तरच त्या घ्या.

तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाका, खाचा किती ते बघून सांगतो. आणि उघडलात तर कुठला स्क्रू कुठून काढला त्याचा फोटो आधी काढा. मी पहिल्यांदा काढला नव्हता. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, आणि कीबोर्डला खालून टेंगूळ आलं. तो लॅपटॉप अजून घरात आहे, स्पेसबारच्या डाव्या टोकाला बोट लावलं की लागतं.