कॅरमवरची टक्कर

प्रश्न : सोंगटी सोंगटीवर सरळ आदळली की पहिली जागीच थांबते. स्ट्रायकर मात्र पुढे सरकतो. असं का?
– अकरावीची विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : पोरी, परळच्या चाळीत लहानपणी मीही हे तासन्‌तास बघितलंय! दोन्ही सोंगट्या सारख्या वजनाच्या, म्हणून पहिलीचा जवळजवळ सगळा संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) दुसरीला मिळतो. स्ट्रायकर मात्र जड. तो १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ग्रॅमची धर. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतीची ऊर्जा जराही वाया न जाणारी मानली, तर सेकंदाला २ मीटरने आलेल्या स्ट्रायकरकडे १ मीटरचा वेग उरतो, सोंगटी ३ मीटरने सुटते. ताळा कर : आधी १५ × २ = ३०, नंतर १५ × १ + ५ × ३ = ३०. जमलं ना? प्रत्यक्षात थोडी ऊर्जा त्या ‘टक्’ आवाजात आणि उष्णतेत जाते, वेग किंचित बदलतात. टकरीच्या क्षणी एकूण संवेग मात्र तेवढाच. बोरिक पावडर भुरभुरून आजच करून बघ.