गाडी तापते, फिल्टर भरतो, बोअरचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही २००९ सालची आहे, २ लाख १० हजार किलोमीटर झालेत. एप्रिल लागला की काटा वर चढतो. मांजरसुंब्याच्या घाटात तर एसी बंदच करावा लागतो. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घालतो. नवा रेडिएटर टाकावा का? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : नवा रेडिएटर इतक्यात घेऊ नका. आधी गाडी नेमकी कधी तापते ते पाहा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगेत असताना किंवा उभ्या गाडीत एसी लावल्यावर काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येतो? मग हवा कमी पडते आहे. उलट रांगेत ठीक असते, पण महामार्गावर ८०-९० च्या वेगाने दहा मिनिटांत तापते? मग पाणी फिरत नाही. घाटात दोन्ही गोष्टींची परीक्षा एकदम होते, त्यामुळे एकट्या घाटावरून काही ठरवू नका.

हवेची बाजू घरी तपासता येते. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे असतो. या दोघांच्या मधल्या फटीत कापसाचा भुसा, पाचट, किडे आणि माती यांचा नमद्यासारखा थर बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून तो कुणाला दिसत नाही. वरच्या पट्ट्या सोडून बॅटरीने उजेड टाकून बघा. धुताना नळाच्या साध्या दाबाने, इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पंखा व्हिस्कस, म्हणजे सिलिकॉन तेलाच्या कपलिंगमधून इंजिनावर फिरणारा, असेल तर इंजिन बंद, चावी काढलेली अशा स्थितीत हाताने फिरवून बघा. गार असताना तो थोडा जड लागतो आणि एखाद-दीड फेरीत थांबतो. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करून पुन्हा बघा, आता आणखी जड लागायला हवा. गरम असतानाही भिंगरीसारखा फिरत राहिला किंवा मधल्या डब्यातून सिलिकॉन तेलाचा ओघळ आला असेल तर तो कपलिंग संपला. पंखा विजेवर चालणारा असेल तर मात्र बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय हात आत घालू नका. गाडी बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

आता पाण्याबद्दल. तुमचा खरा घोटाळा इथेच असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडच्या पोकळ्यांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, चहाच्या पातेल्यात बसतो तसा थर धरतात. हा थर उष्णता अडवतो, आणि रेडिएटर बदलला तरी इंजिनातला थर तसाच राहतो. साधं पाणी गंजाला थांबवत नाही, ही दुसरी अडचण.

गाडी पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, झाकण उघडा. खालचा ड्रेन कॉक सोडा, तो जाम असेल तर खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप सोडा. आतलं पाणी टबमध्ये धरा. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) गोड लागतं आणि विषारी असतं, ते गोठ्याजवळ सांडलं तर कुत्री आणि जनावरं चाटतात. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या कोअरमधलं जुनं पाणी आतच राहतं. स्वच्छ पाणी भरून गाडी वरचा होज गरम होईपर्यंत चालवा, मग ती गार होऊ देऊन पाणी काढा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा हेच करा. शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची. बॅटरीत घालायचं पाणी ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, तेच चालतं.

नंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या एकूण क्षमतेच्या अर्धं कॉन्सन्ट्रेट कूलंट आधी ओता, वर डिस्टिल्ड वॉटर. क्षमता ९ लिटर असेल तर साडेचार लिटर कॉन्सन्ट्रेट. तयार मिसळलेला कूलंट घेतलात तर त्यात पाणी घालू नका. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नका, आणि रंग सारखा दिसला म्हणून प्रकार सारखा असतो असं नाही. भरताना पुढची चाकं उंचवट्यावर ठेवा, हँडब्रेक ओढून मागे दगड लावा, वरचा होज हाताने दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघते.

रेडिएटरचं झाकण स्वस्त असतं आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. साध्या पाण्याला १०० अंशाला उकळी फुटते, पण ०.९ बारच्या दाबाखाली तेच पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की हा फायदा जातो, गाडी रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत पाणी ढकलते आणि तुम्ही रेडिएटरला दोष देता. तोच आकडा असलेलं नवं झाकण लावा.

थर्मोस्टॅट परत बसवा, हे आग्रहाने सांगतो. तो काढल्यावर बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहते, गरम पाण्यातला मोठा भाग रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात फिरतो. थंडीत उलटं होतं. इंजिन लवकर तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, तेलात काळा गाळ धरतो. नवा बसवण्याआधी तपासा : दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. त्यावर ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी १०-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

हे सगळं करूनही पाणी कमी होत राहिलं, तर गार इंजिन सुरू केल्या केल्या मिनिटभरात वरचा होज टणक होतो का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का ते बघा. यातली कोणतीही खूण हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलकडे, बोट दाखवते. हे काम घरी करू नका. हेड सरळ आहे का ते तपासणं आणि बोल्ट ठरल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळणं, दोन्ही चांगल्या मिस्त्रीचीच कामं.

वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू. घाम फुटेल, पण इंजिनातली बरीच उष्णता बाहेर पडते. तरीही काटा लालमध्ये गेला तर बाजूला घेऊन गाडी बंद करा. झाकण उघडायला किमान पाऊण तास थांबा आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न : आमचा भाग जिनिंगचा, शिवाय शेताचा कच्चा रस्ता. एअर फिल्टर पंधरा दिवसांत काळा होतो. पंक्चरच्या दुकानात हवा मारून साफ करतो. सहा महिन्यांपासून गाडी तेल खाते, हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर. निळसर धूरही दिसतो. (एक वाचक, मानवत, जि. परभणी)

उत्तर : हवा मारण्याची पद्धत बदला. पंक्चरच्या दुकानातला दाब टायरसाठी असतो, १०० पीएसआयच्या पुढे. तो जवळून कागदावर मारला की छिद्रं मोठी होतात आणि फिल्टर स्वच्छ दिसूनही धूळ आत सोडतो. दाब ३० पीएसआयच्या आत, नळी वीतभर लांब आणि हवा नेहमी आतून बाहेर. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुवायचा नाही. साफ केल्यावर अंधारात आत बॅटरी धरा, कुठे टाचणीएवढा उजेड दिसला तर तो फेका. आमच्या मते तुमच्या भागात एक फिल्टर दोनदा साफ केला की तिसऱ्यांदा नवाच घ्यावा. फिल्टरची किंमत आणि इंजिनाचं काम यांची तुलनाच होत नाही.

फिल्टरइतकाच त्याच्या मागचा पाइप महत्त्वाचा. फिल्टर ते टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) यांच्या मधला पाइप काढून आत पांढरं फडकं फिरवा. मातकट धूळ लागली तर हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे : क्लिप ढिली आहे, रबरी कड दबलेली आहे किंवा पाइपला चीर आहे. डब्याच्या तळाशी धूळ सोडणारा रबरी वॉल्व्ह असेल तर तो फाटलेला नाही ना ते बघा. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते तेलात मिसळले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरवर पॉलिश पेपरसारखं काम करतात.

निळा धूर म्हणजे तेल जळतं आहे. कुठून, ते असं ओळखा : इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण सैल करून ठेवा. झाकण उडत असेल, भकभक वाफ येत असेल तर रिंगा झिजल्या असण्याचीच शक्यता जास्त. वाफ किरकोळ आहे, पण टर्बोपासून पुढे जाणाऱ्या पाइपमध्ये तेल साचलं आहे? मग टर्बोचं सील. सकाळी सुरू करताना तेवढाच निळा धूर येऊन थांबत असेल तर वॉल्व्ह सील. तिन्हींच्या खर्चात फार मोठा फरक आहे. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घेतल्याशिवाय कुणाला इंजिन खोलू देऊ नका.

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी तीन-चार सेल्फशिवाय सुरू होत नाही. एकदा सुरू झाली की दिवसभर त्रास नाही. ईथरचा स्प्रे मारला तर चालेल का? (एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : स्प्रे नको. ज्या इंजिनाला ग्लो प्लग (गार इंजिन सुरू होण्यासाठी आत उष्णता देणारे प्लग) आहेत तिथे ईथर तापलेल्या प्लगवर वेळेआधीच पेटतो, पिस्टन आणि रिंगा फुटू शकतात.

सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कुणाला तरी उभं करा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतं आहे, पण पेटत नाही : ग्लो प्लग, मंद सेल्फ किंवा कमी कॉम्प्रेशन. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, म्हणजे लाइनने एअर घेतली आहे.

बॅटरी आधी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नकोत. ग्लो प्लगची वायर काढून मल्टिमीटर लावा : चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग काढण्याच्या आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि इंजिन कोमट असताना पाना लावा. जोर करू नका. तो हेडमध्ये तुटला तर पाचशेचं काम दहा हजारांवर जातं.

एअरचा संशय असेल तर डिझेल फिल्टरच्या पुढे तात्पुरती पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले की टाकीपासून फिल्टरपर्यंतचा प्रत्येक जोड बघा. तांब्याचे वायसर पुन्हा वापरू नका, हँड पंपाचा वॉल्व्हही तपासा. कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणारं) असेल तर इंजेक्टरच्या पाइपचे नट कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

प्रश्न : जुन्या इंजिनाला जाड तेल, म्हणजे २०डब्ल्यू-५०, घातलं की ते शांत चालतं, असं सगळे म्हणतात. (एक वाचिका, निलंगा, जि. लातूर)

उत्तर : आवाज थोडा दबतो, झीज भरून येत नाही. गार इंजिनात जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० असेल तर तेच घाला, डिझेलसाठीचं, सीआय-४ किंवा त्यावरच्या दर्जाचं. तेल गरम असताना काढा, ड्रेन बोल्टला नवा वायसर लावा. ऑइल फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट फिरवा, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरी आवळा, पाना नको. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे तेल जाऊ देऊ नका. धुळीत फिरणाऱ्या गाडीला ठरल्या अंतराच्या पाऊण अंतरावर, किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, विहिरीच्या आसपास एक थेंबही ओतू नका.

प्रश्न : घरी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल गाडीत घालतो. फिल्टर लवकर चोक होतो. (एक वाचक, जाफराबाद, जि. जालना)

उत्तर : अर्धवट ड्रममध्ये रात्रीच्या गारव्याने दव धरतं आणि ते पाणी तळाशी बसतं. नळी तळापासून वीतभर वर ठेवूनच डिझेल काढा. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा स्क्रू दर पंधरा दिवसांनी सैल करून अर्धा कप काचेच्या भांड्यात घ्या. पाणी खाली वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा, स्क्रू आवळा, हँड पंप कडक होईपर्यंत मारा, मगच सेल्फ.