एका हंगामात पालटलेला इंडियाना

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात शिकतो. २०२३ मध्ये बारापैकी जेमतेम तीन सामने जिंकलेला तेथील फुटबॉल संघ नवा मुख्य प्रशिक्षक येताच २०२४ मध्ये ११ सामने जिंकून राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला, असे तो सांगतो. एकटा माणूस एका वर्षात एवढा फरक पाडू शकतो का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत, आणि ते किती विलक्षण आहेत हे कळण्यासाठी या विद्यापीठाची ख्याती आधी लक्षात घ्यावी लागते. इंडियानाचा जीव बास्केटबॉलमध्ये. त्या खेळात त्यांची पाच राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. फुटबॉलमध्ये मात्र (हा हातात चेंडू घेऊन खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल) हरण्याची त्यांना सवयच जडली होती, आणि एका हंगामात नऊपेक्षा अधिक विजय त्यांनी कधीच पाहिले नव्हते. ते नऊदेखील १९४५ आणि १९६७ या दोनच वर्षी. अशा ठिकाणी नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी यांची नेमणूक झाली. ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. वार्ताहरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मी जिंकतो. गूगल करून पाहा.’ हे बोलणे उद्धटपणाचे वाटले तरी ते पोकळ नव्हते, कारण मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेलेला नव्हता.

तरीही जुन्याच मुलांना त्यांनी जिंकायला शिकवले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांनी चालता संघच बरोबर आणला. पूर्वी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून एकदा बदल करण्याची मोकळीक मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये, अभ्यासाची अट पाळणाऱ्यांसाठी, हव्या तितक्या बदलांना मुभा मिळाली. सिग्नेटी ज्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले, तेथील संघाने २०२३ मध्ये त्यांच्या हाताखाली बारापैकी अकरा सामने जिंकले होते. त्या संघातील तेरा खेळाडू त्यांच्यामागोमाग ब्लूमिंग्टनला आले. त्यांत बचावफळीचे मिकेल कमारा, एडन फिशर, डीअँजेलो पाँड्स आणि झेल घेणारा एलायजा सॅरट हे होते. आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे माइक शॅनहन आणि बचावाचे ब्रायंट हेन्स हे सहायकही तेथूनच आले. त्यामुळे पहिल्याच सरावात बऱ्याच मंडळींना गुरुजींची भाषा पाठ होती, आणि जुन्यांना ती त्यांच्याकडूनच शिकता आली.

माझ्या मते सिग्नेटींचे खरे कसब या निवडीत आहे. उंची, वेग आणि शाळकरी वयातील नावलौकिक यांवर भाळण्याऐवजी, मैदानावर प्रत्यक्ष काय करून दाखवले ते पाहायचे, असा त्यांचा दंडक आहे. ओहायो विद्यापीठातून आणलेला कॅनडाचा क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कर्टिस रूर्क हा त्याचा उत्तम नमुना. बड्या विद्यापीठांनी ज्याच्यासाठी झुंबड केली नसती, अशा या खेळाडूने हंगामात २९ टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवून देणाऱ्या फेकी) फेकले. ऑक्टोबरमध्ये नेब्रास्काविरुद्ध त्याच्या उजव्या अंगठ्याला दुखापत झाली, तेव्हा उत्तरार्ध टेवन जॅक्सनने सांभाळला आणि संघ ५६-७ असा जिंकला. पुढचा वॉशिंग्टनविरुद्धचा सामनाही जॅक्सनच खेळला. रूर्क परतला आणि मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने चार टचडाउन पास फेकले. हा सारा हंगाम तो गुडघ्याचा मुख्य स्नायुबंध फाटलेल्या अवस्थेत खेळला, हे जगाला जानेवारी २०२५ मध्ये, शस्त्रक्रियेच्या वेळी कळले.

प्रश्न : सोपे प्रतिस्पर्धी मिळाले म्हणून इंडियानाचे फावले, असे माझे सहकारी म्हणतात. ते कितपत खरे आहे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : अर्धे खरे आहे. ‘बिग टेन’ गटात २०२४ पासून अठरा संघ झाले, त्यामुळे सर्वांशी सर्वांची गाठ पडणे अशक्य. इंडियानाला ओरेगन आणि पेन स्टेट हे दोन्ही बलाढ्य संघ लागलेच नाहीत. हरवलेल्यांपैकी एकही संघ सामन्याच्या वेळी राष्ट्रीय क्रमवारीतील पहिल्या पंचवीसांत नव्हता. आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला त्यांनी २०-१५ असे नमवले खरे, परंतु त्या मिशिगनचा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक दोघेही तोपर्यंत निघून गेलेले होते. दुसरी बाजू अशी की, हा सामना वगळता बाकी सर्व विजय निदान चौदा गुणांच्या फरकाने मिळाले, आणि दुबळ्यांना इतक्या सातत्याने चिरडणे हेही सोपे काम नव्हे.

त्यांचे दोन पराभव अधिक बोलके आहेत. कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध पहिले टचडाउन इंडियानाचे होते. मध्यंतराच्या तोंडावर पंट (लाथेने चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे उडवणे) मारणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला आणि गोलरेषेजवळ तो आयता ओहायो स्टेटला मिळाला; उत्तरार्धाच्या आरंभी केलेब डाउन्सने पंट झेलून ७९ यार्ड धाव घेतली आणि सामना तेथेच हातचा गेला. अखेर ३८-१५. रूर्कला त्या दिवशी चेंडू फेकण्याआधीच पाच वेळा पाडले गेले. बाद फेरीत नोत्र दामच्या जेरेमाया लव्हने पहिल्याच चरणात ९८ यार्ड धावून टचडाउन केले. २७-१७ हा निकालही फसवा आहे, कारण इंडियानाची दोन टचडाउन शेवटच्या दीड मिनिटातली. दोन्ही ठिकाणी उणीव दिसली ती आघाडीच्या फळीतील ताकदवान, धिप्पाड खेळाडूंची, जी पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एका उन्हाळ्यात पुरी होत नाही. मात्र आपल्या सहकाऱ्यांना एवढे अवश्य सांगावे, की ज्या दोन संघांकडून इंडियाना हरला, तेच दोन संघ २० जानेवारी २०२५ रोजी अंतिम सामन्यात समोरासमोर उभे होते.

प्रश्न : भावाचा मुलगा पर्ड्यूला आहे. त्या दोघांचा सामना कसा झाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुतण्याला न विचारलेले बरे. इंडियाना राज्यातलेच दुसरे विद्यापीठ पर्ड्यू आणि इंडियाना १९२५ पासून ओक लाकडाच्या एका जुन्या बादलीसाठी लढतात. जिंकणाऱ्याच्या नावाचे ‘पी’ किंवा ‘आय’ हे अक्षर तिच्या साखळीत जोडले जाते. सलग तीन वर्षे ‘पी’ जोडले गेल्यानंतर ३० नोव्हेंबर २०२४ रोजी इंडियानाने ६६-० असा विजय मिळवला.