ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवासी) समाजासोबत साथरोगांवर संशोधन करायचं, तर ‘समाजाचं नेतृत्व’ प्रस्तावात कसं दाखवायचं?

तुम्ही विचारलंय, लैंगिक आजारांच्या तपासणीवरच्या प्रस्तावाला समाजातल्या एखाद्या ज्येष्ठाचं पाठिंब्याचं पत्र जोडलं तर चालेल का. माझ्या मते नाही. प्रश्न कोणी ठरवला, पैसा कोणाकडे जातो आणि माहिती कोणाच्या ताब्यात राहते, यावरून नेतृत्व कोणाचं ते कळतं.

सुरुवात समाजाच्या ताब्यातल्या दवाखान्यापासून करा. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये असा पहिला दवाखाना निघाला. आता असे दवाखाने देशभर आहेत आणि त्यांचं मंडळ समाजच निवडतो. मंडळ काही रोज बसत नाही. मुदत आठवड्यावर आली की सही मागायला धावायचं, ही नेहमीची चूक. आधी कळस मग पाया, असला प्रकार. जाताना तयार आराखडा नेऊ नका, कोरी वही न्या. 2009 च्या स्वाइन फ्लूचंच घ्या. ‘आजाऱ्याने घरात वेगळं राहावं’ हा सल्ला एका घरात दहा-बारा माणसं असली की कागदावरच राहतो, आणि अंत्यविधीला न जाणं हा तर नात्याचाच प्रश्न. हे शहरातल्या कार्यालयात बसून सुचत नाही.

मग संशोधनाला मंजुरी देणारी नैतिक समिती. न्यू साउथ वेल्समध्ये ॲबोरिजिनल आरोग्य संशोधनासाठी वेगळी समितीच आहे. समाजाला निव्वळ फायदा काय, नियंत्रण कोणाचं, दवाखान्याचा खर्च कोण भरणार, स्थानिकांना कोणतं कौशल्य मिळणार, हे ती विचारते. ‘जागृती होईल’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

तुमच्या विषयातलंच सांगतो. दुर्गम भागातून नमुना शेकडो किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत जायचा आणि निकाल येईपर्यंत माणूस दुसऱ्या गावी गेलेला असायचा. म्हणून ‘टँगो’ नावाच्या संशोधन प्रकल्पात जीनएक्स्पर्ट हे तपासणी यंत्र दवाखान्यातच ठेवलं: क्लॅमिडिया आणि गनोरिया या लैंगिक आजारांचा निकाल सुमारे दीड तासात, चालवणार तिथलेच आरोग्यसेवक. पण कार्ट्रिज (नमुना घालून यंत्रात बसवायच्या डब्या) 28 अंशांपर्यंतच ठेवायची असतात आणि यंत्राची खोली 30 च्या आत लागते, म्हणजे एसी, वीज आणि गाडीतला थंड डबा बजेटमध्ये आधी हवा. प्रशिक्षित माणूस सोडून गेला की यंत्र धूळ खातं, तेव्हा किमान दोघांना शिकवा. शिवाय छोट्या गावात तपासणारी बाई रुग्णाची मावशी निघू शकते. पुरुषांसाठी पुरुष, बायकांसाठी बाई आणि नात्याबाहेरचं कोणी, ही सोय कशी करायची ते दवाखान्यालाच ठरवू द्या.

मानधन ‘स्वयंसेवक’ या नावाखाली बुडवू नका. आरोग्यसेवकांचा पगार अनुदानातून थेट दवाखान्याकडे जाऊ द्या.

माहितीचा करार नमुने घेण्याआधीच लेखी करा: मालकी कोणाची, उरलेल्या नमुन्यांचं काय, दुसऱ्या अभ्यासाला ते वापरायचे तर पुन्हा कोणाला विचारायचं. प्रसिद्धीआधी मसुदा मंडळाकडे किती दिवस राहील तेही लिहा. गावाचं नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. दोनशे वस्तीच्या गावात ‘तीन रुग्ण’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना नावं कळतात, म्हणून पाचाखालचे आकडे शेजारच्या भागांत मिसळून द्या.