तीन वर्षांची मुलगी रोज शाळेच्या दारात रडते. शाळा थांबवावी का?

तुम्ही लिहिलंय की प्लेग्रुप सुरू होऊन तीन आठवडे झाले, मुलगी दारात गळ्याला मिठी मारून रडते, ‘आत आल्यावर गप्प होते’ असं बाई सांगतात, आणि घरी आली की एवढ्यातेवढ्यावरून आकांडतांडव. मग पुढच्या वर्षीच पाठवावं का?

मी बालवर्गाला शिकवते. माझ्या मते इतक्यात थांबवू नका. पण बाईंना एक गोष्ट खोदून विचारा: गप्प होते म्हणजे नेमकी कशी?

एखादं मूल बाईंच्या मांडीवर हुंदके देत बसतं, जरा वेळाने तिथूनच इतरांचे ठोकळे न्याहाळायला लागतं आणि मग हळूच उतरून जातं. दुसरं दप्तर खांद्यावरून न काढता कोपऱ्यात उभं राहतं. रडत नाही, काही मागत नाही, डब्याला हात लावत नाही. पालकांना हे दुसरं मूल गुणी वाटतं, मला मात्र त्याचीच काळजी वाटते. लहान मुलांच्या ताटातुटीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 च्या एका लघुपटात दवाखान्यात आईविना राहिलेली दोन वर्षांची मुलगी दाखवली होती. त्या काळी मूल रडायचं थांबलं की रुळलं, असा तिथल्या लोकांचा समज असे. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं होतं की आधी आकांत, मग हताशा आणि शेवटी अलिप्तपणा, असा तो प्रवास असतो. दोन-तीन तासांची शाळा म्हणजे दवाखान्यातला मुक्काम नव्हे, आई रोज न्यायला येते, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण नुसत्या शांततेवर भाळू नये, एवढं त्यातून जरूर घ्यावं.

जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ नावाची एक रीत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा थोडा वेळ वर्गातच बसतात, मुलाला सोडून जातच नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर जातात, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. बाईंना मुलाला शांत करता आलं नाही तर पालकांना लगेच आत बोलावतात. आणि मूल रुळलं कधी म्हणायचं? रडू आल्यावर ते बाईंकडून समजूत काढून घेऊ लागलं की. दारात रडतं की नाही, यावरून ते ठरत नाही. सगळ्या शाळांना एवढी सवड नसते, पण निदान आठवडाभर वेळ कमी करून मिळेल का, हे विचारायला काय हरकत आहे? तुमची मुलगी बाईंकडे जात असेल, तर दारातलं रडणं हा फक्त निरोप आहे.

तो निरोप मात्र छोटा आणि उघड असू द्या. तिचं लक्ष नसताना सटकू नका. आजी-आजोबा हाच सल्ला हमखास देतात, पण त्याने मूल दुसऱ्या दिवसापासून तुमच्यावर पहाराच ठेवतं. ‘दोन तासांत येते’ याला या वयात काही अर्थ नसतो. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी दारात’ हे कळतं. आणि मग त्या वेळेला खरंच दारात असा. उशीर आठवडाभर तरी परवडणार नाही. घरची एखादी मऊ चिंधी किंवा बाहुली दप्तरात राहू द्या. अशा वस्तूंचा मुलांना केवढा आधार असतो, यावर ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 मध्येच सविस्तर मांडणी केली होती. शाळेने ती काढून घेतली तर भांडा, माझा पाठिंबा आहे.

घरचं आकांडतांडव मला तरी वाईट लक्षण वाटत नाही. शाळेत रांग, वाटून घेणं, थांबणं, सगळं तिने आवरून धरलेलं असतं; तुम्ही दिसलात की बांध फुटतो. आल्याआल्या ‘आज काय शिकलीस?’ असं विचारू नका. खायला द्या, झोपू द्या. या वयाला दिवसा-रात्रीची मिळून 10 ते 13 तास झोप लागते आणि शाळा सुरू झाली की नेमकी तीच कापली जाते.

‘मैत्रीण कोण?’ हाही प्रश्न सध्या नको. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्येच नोंदवलं होतं की लहान मुलं आधी नुसती बघतात, मग शेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र खेळणं नंतर येतं.

सुट्टी किंवा ताप येऊन गेला की रडणं पुन्हा सुरू होईल. चड्डीत शू होणंही काही दिवस चालू शकतं. रागावू नका, जास्तीचे कपडे द्या. पण ती तिथे खातच नसेल, दिवसभर शू दाबून धरत असेल, किंवा घरी भरभरून बोलणारी मुलगी पहिला महिना उलटून गेल्यावरही शाळेत एक शब्द बोलत नसेल, तर पुढच्या वर्षाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना भेटा.